चिमण्यांचं वजन

धोंडीराम मास्तर चिमण्यांचं वजन करत. सातपूरच्या चाळीत याला कुणी वेड म्हणत नसे. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत आणि स्वतःच त्याला संशोधन म्हणत, त्यामुळे इतरांना काही म्हणायचं उरलं नव्हतं. जाळ्यात चिमणी धरायची, पायाला रंगीत दोरा बांधायचा, सोनाराच्या काट्यावर तोलायची, वहीत लिहायचं.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, परदेशी ज्वारी, आला, तोही पुरेना. पाखरं मरू लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी मास्तरांच्या ध्यानात आलं, की थोराड चिमण्या मरतायत आणि लहानखुऱ्या टिकतायत. लहान देहाला कमी लागतं, म्हणून दुष्काळ लहानांनाच निवडतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. लेख एका मासिकात छापून आला. तो त्यांनी बायकोला, लंकाबाईला, मोठ्यानं वाचून दाखवला. तेव्हा ती भिंतीला धरून उठत होती. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला होता. मास्तर म्हणाले होते, यंदा तो सगळ्यांनाच आहे.

वैशाखात ती गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांत लहान चिमण्या भराभर मेल्या. थोराड राहिल्या. निसर्गानं एकाएकी मत का बदललं, ते मास्तरांना उमगेना. वही घेऊन अंगणात बसून ते तेच पुटपुटत असताना शेजारच्या अनवरीनं सांगितलं.

"भाऊजी, कुदरत कशाला काय करतेय. तुम्ही शाळेत गेलात की भाभी आपली अर्धी भाकरी कुस्करून त्यांना घालायच्या. सूप आडवं धरून मोठ्यांना हाकलायच्या. म्हणायच्या, दांडग्यांचं कुठंपण भागतं."

"मला बोलली नाही."

"सांगणार होत्या. तेवढ्यात तुम्ही लेख वाचलात. म्हणाल्या, आता राहू दे, किती खूश आहेत."

मास्तरांनी मासिकाला कळवलं, की निष्कर्ष चुकला. चिमण्यांना वरचं अन्न मिळत होतं. संपादकांनी उलट टपाली विचारलं, रोज किती? मास्तरांकडे दीडशे चिमण्यांची वजनं होती. लंकाबाईचं एकदाही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून त्यांनी भाकरी थापली. ती फाटली. अर्धी अंगणात कुस्करली आणि सूप आडवं धरून बसले. उरलेल्या चार-पाच लहान चिमण्या पत्र्याच्या कडेवरून बघत राहिल्या. त्या हातांचं त्यांना जाळंच ठाऊक होतं.

दुपारी मास्तर सूप ठेवून आत गेले. तेव्हा उतरल्या, त्या थोराड.