आठव्या दिवसाची नाळ

दर सोमवारी होटगी रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडपुढं तान्ही पोरं घेतलेल्या बायकांची रांग लागते. आत शिवप्पा अज्जा. बाळाच्या बेंबीवर भस्म टाकायचं, बोट फिरवायचं, काहीतरी पुटपुटायचं. वाळकी नाळ अलगद तळव्यात! बायका हात जोडतात. मीही जोडले होते.

माझ्या तोंडाला गल्लीत कुणी लागत नाही. सून शिवानी तेवढी बोलली, "अत्ती, दवाखान्यातल्या हेमावती सिस्टरनी सांगितलंय, बेंबी कोरडी ठेवा, काही लावू नका."

"तुज्या सिस्टरनं किती पोरं वाढवली? मी चार वाढवलीत!"

आठव्या दिवशी नातवाला मीच नेलं.

"मल्लव्वा, सातव्या महिन्यात सुनंची बेंबी वर आली व्हती की न्हाय? शिव आतनं डोकावत व्हता!" अज्जा म्हणाले. मी फुगले. नाळ पडली.

दोन दिवसांत बेंबी लाल झाली, वास मारू लागली. "पाप निघतंय, आणखी भस्म लावा," अज्जांचा निरोप आला. मी लावलं. माझ्याच हातानं. पोरगं अंगावर प्यायचं थांबलं, तेव्हा दवाखान्यात नेलं. विष रक्तात गेलं होतं. तेराव्या दिवशी नाव ठेवायला पाळणा बांधून तयार होता. बाळाला बिननावाचंच मातीत ठेवलं.

दोन वर्षांनी शिवानीला मुलगी झाली. हेमावती सिस्टर घरी आल्या.

"आजी, अज्जा तिसऱ्या दिवसाचं बाळ घेतो का हो?"

"न्हाय. आठवड्याच्या आत आणू नका म्हनतो."

"का?"

मी दुपट्याची घडी घालू लागले.

"तोवर नाळ वाळून धाग्यावर आलेली असते. बोट लागलं की पडते, नाही लागलं तरी पडतेच. खाली राहते ओली जखम. त्यात तुम्ही शेणाची राख भरता."

"आन् बेंबी वर येती ती?"

"पोट वाढलं की आतून रेटते. तुमची आली नव्हती?"

आली होती की. चारही खेपेला. त्यातल्या दोन मुली.

या खेपेला काही लावलं नाही. लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा, एवढंच. नवव्या दिवशी सकाळी दुपट्यात नाळ सापडली. मंत्र नाही, अज्जा नाही. मी ती धरून बसून राहिले. शिवानीनं माझ्या मांडीवरून पोरगी तेवढी उचलून घेतली.

आता सोमवारी मीही रांगेशी जाते. एकेकीला विचारते, "कितवा दिवस गं?" आठवा, नववा, दहावा. तिसरा कुणाचाच नाही. "मंग त्याचा चमत्कार तिसऱ्या दिवशी का चालत न्हाय?" काहीजणी मागं फिरतात. काहीजणी मला शिव्या देतात. देऊ देत.

मी चौथी नापास. पण एवढं विचारायला शाळा लागत नव्हती. विभूती मी आजही लावते, कपाळाला. बाळाच्या बेंबीला काही लावू नका. लाल दिसली, वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी तीन दिवस घालवले होते.