कुठल्या खाटेसाठी आलात?

"पेशंटने डोळे उघडले, पाणी मागितलं." मोबाइलवर एवढं वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. हॉस्पिटलच्या बाकावरच मी ढसाढसा रडले. बेशुद्ध आईजवळ कुणालाच सोडत नव्हते. आतली खबर पेशंटच्या पानावर यायची, आणि त्या पानाच्या लॉगिनची सेवा आम्हा भावंडांनीच जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेली. आमची ऐट काय विचारता!

किती दिवस डोळ्याला डोळा नव्हता. भिंतीला टेकले आणि झोपच लागली.

स्वप्नात मी आमच्याच प्रोग्रॅममध्ये बसले होते. खिडकी नसलेली खोली, मऊ पिवळा उजेड, भिंतीला एक फट. फटीतून नाव आणि पासवर्ड यायचा, मी तपासून "बरोबर" म्हणायचे. मी म्हणजे त्यातला कॉलबॅक; काम तेवढंच, हाक आली की तपासायचं. पण आलेला माणूस कुठल्या खाटेसाठी आलाय? ते त्याच्या विनंतीत लिहिलेलं, आणि विनंती राहायची बाहेर. म्हणून दादाने आत एक खुंटी ठोकली होती. विनंती तिथे अडकवायची, मी तिथून वाचायची. खोली संथ तरंगत होती, मला फार बरं वाटत होतं. खुंटीवर आईच्या खाटेची विनंती होती. मी हात पुढे केला, तेवढ्यात कुणीतरी तिच्यावर दुसरीच अडकवली.

खाडकन जाग आली.

"दादा, खुंटी एकच आहे!" मी शेजारी बसलेल्या दादाला हलवलं.

"काय बरळतेस?"

"विनंती कुठे ठेवलीस? सगळ्यांना मिळून एकाच स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ना? दोघं एकदम आले तर एकाचं पान दुसऱ्याला!"

"अगं, मी तपासलं होतं..."

"एकट्याने! धन्य आहेस बाबा!"

त्याचा चेहरा पडला. मी लॅपटॉप मांडीवर ओढला. प्रत्येक थ्रेडला, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाच्या कामाला, आपापली खुंटी दिली, काम झालं की ती रिकामी करायची. नवा कोड चढवायचं बटण तेवढं दाबवेना. चुकून का होईना, त्या पानावर आई पाणी मागत होती.

दाबलं. पान पुन्हा उघडलं. आई बेशुद्धच होती.

समोरच्या बाकावर एक बाई मोबाइल छातीशी धरून केव्हाची रडत होती. तिच्या हातात आईचं पान गेलं असणार. खरं सांगते, मला तिचा रागच आला. तरी उठले.

"ताई, पान परत उघडा. मघाशी आमच्या चुकीने दुसऱ्याचं दिसलं तुम्हाला."

तिने उघडलं. "अगंबाई! ह्यांनी पाणी मागितलं!" म्हणत तिने मला मिठीच मारली. मग विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"आई."

मी माझा मोबाइल तिच्यापुढे धरला. तिला काय ते कळलं. नर्सने दारातून तिला आत बोलावलं, तरी ती हलेना.

"जा ना," मी म्हटलं.

"जाते हो," ती माझा हात घट्ट धरून म्हणाली. "पण इतका वेळ मी तुमच्या आईसाठीच रडत होते. थोडा वेळ अजून बसू दे."