फळ्यावरची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूचा नव्हे. खडूच्या फळ्याला निदान कुणी पुसून तरी घेतं. मी बुचाचा. बुचाचा भुगा, सरस आणि यंत्राचा दाब यांतून माझा जन्म झाला. कडेने लाकडी चौकट ठोकली, पाठीला दोन कड्या लावल्या आणि मला जगात पाठवून दिलं. काम एकच : टाचण्या टोचून घ्यायच्या आणि ब्र काढायचा नाही. हे काम मी इतकी वर्षं केलं आहे की आता मला कुणी टोचलं नाही तरी टोचल्यासारखं वाटतं.

माझी पहिली नोकरी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. ‘शांतता राखा’, ‘डॉक्टर आज उशिरा येतील’, ‘काळी छत्री सापडली आहे’. छत्रीची चिठ्ठी सगळ्यांत जास्त टिकली. मालक कधी आलाच नाही. पुढे ती काढली, तेव्हा तिच्याखाली माझा रंग होता तसाच गडद तपकिरी निघाला. बाकीचा मी उन्हाने पार विटून गेलो होतो. तेवढं एक चौकोनी तारुण्य छातीवर घेऊन मी बरीच वर्षं मिरवलो. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिच्याशी काम आहे.

दवाखान्याने नवे पडदे घेतले आणि पडद्यांना शोभत नाही म्हणून मला विकलं. मी एका सिनेमाच्या कचेरीत आलो. तिथे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत भाऊजी बसत. भाऊजी म्हणजे निर्माते. ते दिग्दर्शकाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पण शिपायापासून नटीपर्यंत सगळे त्यांना भाऊजीच म्हणत. मागच्या खोलीत दिग्दर्शक. घरातही डोक्यावरची टोपी काढत नसे म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणत. साधी होडी त्याने कधी वल्हवली नव्हती. आणि त्या खोलीतल्या खिडकीसमोरच्या भिंतीवर मी. खिडकी पश्चिमेची. दुपार झाली की ऊन माझ्या अंगावर येऊन बसे ते थेट दिवे लागेपर्यंत.

माझ्यावर सिनेमे तयार झाले. पद्धत अशी की पटकथा लिहिणारी ताई एकेक प्रसंग एकेका चिठ्ठीवर लिही आणि ती माझ्यावर टाची. चिठ्ठ्यांची माळ पुरी झाल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे. भुताचा सिनेमा झाला, सासू-सुनेचा झाला, भूत झालेल्या सासूचाही झाला. तो चालला तेव्हा कॅप्टनने माझ्या चौकटीवर थाप मारली आणि म्हणाला, “हा फळा आपला हुकमी एक्का!” माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. पुरवून पुरवून वापरतो.

आणि मग ती कादंबरी आली.

कॅप्टनला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी निवृत्तीनंतर एक विज्ञानकादंबरी लिहिली होती. दोन बहिणींची गोष्ट. थोरली अंतराळयानातून फार लांब जाते, धाकटी घरी राहते. यानाचा वेग असा काही आहे की थोरलीचं तिकडे एक वर्ष होईतो धाकटीचं इकडे अख्खं आयुष्य सरतं. धाकटी निरोप पाठवते. थोरली तो ऐकते, जेवण अर्धं टाकून लगेच उत्तर देते आणि ते उत्तर पोचेपर्यंत धाकटीचे केस पांढरे झालेले असतात.

एवढ्याशा गोष्टीला सरांनी उशाला घेता येईल एवढं जाड पुस्तक लावलं होतं. त्यात सहा चंद्र होते. तोंड नसलेले आणि एकमेकांशी तापमानाने बोलणारे प्राणी होते. निम्मी प्रकरणं यान स्वतः सांगत होतं आणि शेवटी अवघड शब्दांचा कोश होता. आणि बरोबर मध्ये एक लांबलचक प्रकरण होतं, ज्यात काहीही घडत नाही. धाकटी नुसती वाट बघते. घराला रंग देते, एक दात काढून घेते, कुत्रं पाळते, कुत्रं म्हातारं होतं. बहुतेक वाचक ते प्रकरण चाळून पुढे जात. ताईने मात्र कॉलेजात असताना कादंबरी वाचली होती ती त्याच एका प्रकरणापायी, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात हा एकच सिनेमा होता. भुतं आणि सासवा तिने पोटासाठी केल्या.

सरांनी परवानगी देताना फार आढेवेढे घेतले नाहीत. “चंद्र कापा,” ते म्हणाले. “शब्दकोश कापलात तर उपकारच होतील, तो माझ्याही पाठ नाही. फक्त तिचं वाट बघणं कापू नका.”

“नाही कापणार, सर,” ताई म्हणाली. “लिहून देऊ का?”

“लिहून दिलेल्यात पळवाटा असतात. तू म्हणालीस तेवढं पुरे. सही मी तुमचा तो फळा बघून करीन.”

मित्रांनो, इथून माझे हाल सुरू झाले.

ताईने आधी मला नव्याने गडद तपकिरी रंग देववला, जन्माला होता तसाच. मग यानावरच्या प्रसंगांना निळ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि घरच्या प्रसंगांना हिरव्या. वर निळी ओळ, खाली हिरवी. निळी ओळ आखूड, कारण थोरलीचं वर्षच एक. हिरवी माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि धाकटीने निरोप पाठवल्यावर, उत्तर यायच्या आधी, ताईने दोन हात मावतील एवढी जागा रिकामी सोडली. तिथे एकही चिठ्ठी नाही.

भाऊजी रोज चहाचा कप घेऊन येत आणि माझ्यासमोर उभे राहत.

“हे इथे काय लिहिलंय? ‘थोरलीला वाटतं, आपण घर विसरत चाललो.’ वाटतं? वाटतं ते पडद्यावर कुठे दिसतं?”

“तेच तर शोधतोय, भाऊजी,” ताई म्हणे.

“तिला एक मैत्रीण द्या. मैत्रिणीला सांगेल.”

“यानात ती एकटी आहे.”

“मग यंत्रमानव द्या. गोंडस. पोरं बाहुल्या घेतील त्याच्या. आणि हे तोंड नसलेले प्राणी? तोंड नसलेल्याला कोण तिकीट काढून बघतं?”

“तुमचे मागचे दोन सिनेमे बघितलेच की लोकांनी,” कॅप्टन म्हणाला. “त्या नटाचं तोंड कुठे हलत होतं?”

“तो तुझा मावसभाऊ होता, माझा नव्हे.”

असं चाले. प्राण्यांना तोंडं आली, मग प्राणीच गेले. सहा चंद्रांचे दोन झाले, कारण पुठ्ठा महाग. यानाचं बोलणं आधी बायकी आवाजात होतं, मग पुरुषी झालं, मग बंद झालं. प्रत्येक बदलाला जुनी चिठ्ठी उपटायची, नवी टाचायची. माझ्या अंगाची चाळण झाली. फक्त त्या मधल्या जागेला कुणी हात लावला नाही. भाऊजी तिच्याकडे बघून फक्त सुस्कारा टाकत, मोकळ्या प्लॉटकडे बघून टाकावा तसा.

उन्हाळा आला आणि गेला. रोज दुपारी ऊन येऊन माझ्यावर बसत होतं, आणि चिठ्ठ्यांचा रंग रोज थोडा थोडा पीत होतं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रोज बघितलेलं माणूस म्हातारं होताना कुठे दिसतं! निळ्या चिठ्ठ्या विटल्या, हिरव्या विटल्या आणि शेवटी दोन्हींचा रंग एकच झाला, धुऊन धुऊन जुन्या झालेल्या बनियनचा.

त्यातच ताईच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती गावी गेली. इकडे कॅप्टनला उत्साह आला. दिग्दर्शकाला उत्साह येणं हा फळ्याच्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट दिवस.

“भाऊजी, इकडे या. हे दोन ओळींत कशाला ठेवलंय? सगळ्या चिठ्ठ्या एकाच रंगाच्या आहेत.”

“खरंच की. मला वाटलं वेगवेगळ्या आहेत, म्हणून कळत नाहीये.”

मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही, आणि तोंड नसलेल्यांना त्या सिनेमातून आधीच काढलं होतं. दोघांनी घाईघाईत सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या, माझ्या अंगाकडे बघितलंही नाही, आणि एकीला एक जोडून, माझं अंग झाकून जाईल अशा सरळ माळा लावल्या. धाकटी निरोप पाठवते. पुढची चिठ्ठी, थोरली उत्तर देते. पुढची, धाकटी उत्तर ऐकते. मधे जी जागा उरली तिथे भाऊजींनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी टाचली : ‘यानावर हल्ला’. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी वाचलं.

“आता समजलं!” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “वर्षभरात पहिल्यांदा समजलं मला.”

ताई परत आली ती नेमकी सर यायच्या दिवशी सकाळी. पिशवी खांद्यावरच, आणि ती माझ्यासमोर उभी.

“हे कुणी केलं?”

“मिळून केलं,” कॅप्टन म्हणाला. “बघ ना, एकदम गोळीसारखं सुटतं.”

“निळ्या कुठल्या होत्या? हिरव्या कुठल्या?”

“त्या सगळ्या अशाच होत्या.”

ताईने एक चिठ्ठी काढून उजेडात धरली. दुसरी धरली. आणि तिथेच स्टुलावर बसली. कुठल्या प्रसंगाची वेळ यानाची आणि कुठल्याची घरची, हे तिने चिठ्ठ्यांवर लिहिलंच नव्हतं. रंगावर विसंबली होती. फोटो होते म्हणा फोनमध्ये, पण प्रत्येकात माझ्यापुढे कॅप्टनची टोपी. प्रसंगांचा क्रम तिला तोंडपाठ होता. पण मधली ती जागा केवढी होती, हे काही केल्या ती त्यांना पटवू शकेना.

“एवढीशी होती गं,” कॅप्टनने बोटं दाखवली. “आम्ही काही तुझं एवढं मोठं उडवलेलं नाही.”

सर आले. पायाला सूज असल्यामुळे सावकाश. त्यांनी चष्मा बदलला आणि माझ्या डाव्या टोकापासून वाचत निघाले. एका चिठ्ठीपाशी ते थांबले.

“इथे निरोप पाठवला हिने?”

“हो सर.”

“आणि उत्तर?”

“हे काय,” भाऊजी कौतुकाने म्हणाले, “लगेच पुढे.”

“लगेच,” सर म्हणाले.

त्यांनी जुना चष्मा परत लावला. “गोष्ट चांगली आहे. भरभर चालते. पण माझी नाही. तुम्ही हिला दुसरं नाव द्या, काय?” आणि मग ताईकडे न बघता, “तू दमलेली दिसतेस, पोरी. वडील कसे आहेत?”

त्या विचारण्याने ताई पुरती खचली. रागावले असते तर भांडली असती. “बरे आहेत,” म्हणाली आणि उठून माझ्या चिठ्ठ्या काढायला लागली. सावकाश, एकेक. कसली युक्ती म्हणून नव्हे. सिनेमा संपला होता आणि फळा मोकळा करायचा होता, एवढंच.

अर्धा फळा रिकामा झाला तेव्हा भाऊजी म्हणाले, “हा फळा बदलायलाच हवा. डाग बघा केवढे पडलेत.”

मित्रांनो, ते डाग नव्हते. ते माझं तारुण्य होतं. चिठ्ठ्या सबंध उन्हाळा जिथे जिथे होत्या, तिथे तिथे माझा तो गडद तपकिरी रंग शाबूत होता. ताईचे हात थांबले. मग ती भराभर उपटायला लागली, टाचण्या जमिनीवर उडाल्या. वर आखूड ओळ, गडद चौकोनांची. खाली लांब ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि खालच्या ओळीत मधोमध फटफटीत पांढुरकी, दोन हातांएवढी जागा. तिथे काहीच नव्हतं, म्हणून ऊन सगळ्यांत जास्त तिथे पडलं होतं.

सर जवळ आले. त्यांनी त्या जागेवर तळवा ठेवला. इतक्या वर्षांत टाचणी न घेता मला हात लावणारा हा दुसरा माणूस.

“इथे काय होतं?”

“काही नाही, सर,” ताई म्हणाली. “मुद्दाम.”

“किती दिवस?”

“अख्खा उन्हाळा.”

कॅप्टनने टोपी काढली. त्याला टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं. “पण सर,” तो म्हणाला, आणि आवाजात खोटेपणा नव्हता, “ही जागा पडद्यावर दाखवायची कशी? काही न घडणं मी शूट कसं करू?”

सर माझ्याकडे बघत राहिले. ताईही बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “कॅप्टन, धाकटीच्या भिंतीवर थोरलीचा फोटो लावू आपण. खिडकीसमोर.”

तेवढंच. सिनेमात धाकटीचं प्रकरण आलं ते असं : एक भिंत, एक फोटो आणि पश्चिमेचं ऊन. भिंत विटत जाते. संवाद नाही, संगीत नाही, हल्ला तर नाहीच. शेवटी थोरली परत येते, गेली तेवढीच तरुण, आणि रिकाम्या घरात तो फोटो खाली उतरवते. मागे गडद चौकोन. ती तिथे हात ठेवते. सरांनी सही केली.

सिनेमा फार चालला असं नाही. भिंत आली की निम्मे लोक खायला बाहेर जात, असं भाऊजी अजून सांगतात. पहिल्या खेळाला सर मागच्या रांगेत बसले होते. भिंत संपली तरी त्यांनी डोळे पुसले नाहीत, म्हणजे पुसायचे होते पण हात उचलला नाही, असं ताईने दुसऱ्या दिवशी कॅप्टनला सांगितलं. मी ऐकलं, कारण तेव्हा मला भिंतीवरून उतरवत होते. माझ्या जागी पांढरा, चकचकीत, पुसता येणारा फळा आला. त्याच्यावर ऊन काही ठेवून जात नाही.

आता मी सामानाच्या खोलीत आहे. दोन पुठ्ठ्याचे चंद्र माझ्या अंगावर टेकलेले आहेत. खोलीला खिडकी नाही. मला झोप फार येते.

मित्रांनो, एक विनंती करून थांबतो. आम्हाला पुसा, धूळ झटका, मोडकी टाचणी अंगात ठेवू नका, हे तर आहेच. पण कुठल्या फळ्यावर, पुस्तकात किंवा माणसाच्या बोलण्यात मधेच रिकामी जागा दिसली, तर लगेच तिथे काही टाचू नका. आधी विचारा, ही कुणी मुद्दाम तर सोडलेली नाही? आणि कुणी “हो” म्हणालं, तर क्षणभर तिच्यावर नुसता हात ठेवा. आम्हाला बरं वाटतं.