भिंतीकडे तोंड केलेला लाऊतो

“ठेव ती पट्टी आणि आत जा,” वार्दीस म्हणाला. “एवढी माणसं जेवायची आहेत, भात कोण टाकणार?”

मी अक्रोडाची ओली पट्टी तापलेल्या नळीवर दाबून वाकवत होते. लाऊतो या तंतुवाद्याचं फुगीर पोट अशाच पट्ट्या जोडून बनतं, आणि वाकवताना एखादी अर्ध्यात सोडली की ती तडकते. हे वार्दीसला मी सांगायची गरज नव्हती. कार्यशाळा त्याची, शिकवणारा तोच, आणि माझा धाकटा भाऊही तोच.

“तडकेल रे.”

“तडकू दे. तुला काय लग्नात वाजवायला जायचंय?”

तडकलीच. परदेशातून आलेले विद्यार्थी माना खाली घालून आपापलं लाकूड घासत राहिले. मी आत गेले, बोकडाच्या रश्श्यात भात टाकला, बाहेर आले आणि दुसरी पट्टी भिजत घातली.

दर उन्हाळ्यात आमच्या अंगणात ही कार्यशाळा भरते. सकाळी लाऊतो बनवायचा, ऊन उतरलं की वाजवायला शिकायचं. वडिलांनी ही विद्या वार्दीसला दिली. मला त्यांनी सरस ढवळायला दिला. मग लग्न झालं आणि उभा जन्म तेलाच्या घाण्यावर पोती तोलण्यात गेला. चार वर्षांपूर्वी नवरा वारला आणि मी काळे कपडे चढवले. आमच्या गावात विधवेनं ते उतरवायचे नसतात, नाचायचं नसतं, वाद्याला हात लावायचा नसतो. आई गेली तेव्हा वार्दीस मात्र चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना उरकून लगेच एका लग्नात वाजवायला गेला होता. ‘ते माझं काम आहे,’ म्हणाला. कुणी ब्र काढला नाही.

मला फार येतं असं नाही. हात जड आहेत, कानही बेताचाच. पण गेल्या उन्हाळ्यात डच पोरगी आनिका आमच्या बापाचा लाऊतो मांडीवर घेऊन बसली आणि वार्दीस तिची बोटं धरधरून तारांवर ठेवत होता, तेव्हा त्यांना सरबत मी नेऊन दिलं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं ते फिरलंच. यंदा मी विद्यार्थ्यांच्या रांगेत जाऊन बसले. वार्दीसला आधी थट्टा वाटली. मी उठेना, तेव्हा तो मला घडीघडी आत धाडू लागला.

माझा लाऊतो सगळ्यांच्या शेवटी पूर्ण झाला. एका पट्टीला ठिगळ होतं, मान किंचित वाकडी होती. पण वाजत होता, आणि मी एक सिर्तो, तीन फेऱ्यांचा नाच, वाजवायला शिकले होते. शेवटच्या संध्याकाळी विद्यार्थी गावासमोर वाजवतात, तिथं मला तो वाजवायचा होता. बाकी काही नको होतं.

त्या दिवशी सकाळी वार्दीसनं सगळे लाऊतो अंगणातल्या भिंतीवर ओळीनं टांगले. माझाही टांगला. फक्त तारा सैल सोडून, तोंड भिंतीकडे करून. सुतकाच्या घरात वाद्य असंच ठेवतात.

“याचा सरस वाळायचाय का?” यंदाही आलेल्या आनिकानं तिच्या मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये विचारलं.

“नाही गं बाई,” मी म्हटलं. “मी वाळायचेय अजून.”

तिला काही कळलं नाही. पाव घेऊन आलेल्या शेजारणीला मात्र बरोबर कळलं, आणि दुपारपर्यंत माझं बोलणं गावभर झालं. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

वार्दीस स्वयंपाकघरात आला. “तुझ्यासाठीच केलं. तुझी सासू पहिल्या रांगेत बसणार आहे. तिचा मुलगा मातीत आहे आणि तू टुणटुण करणार? लोक तोंडात शेण घालतील.”

“आई गेली तेव्हा तुझ्या तोंडात कुणी घातलं?”

“मी पुरुष आहे गं!”

“ते मला ठाऊक आहे. भात खाऊन घे आणि जा.”

संध्याकाळी मी लाऊतो उतरवला, तारा ताणून सुरात लावल्या आणि काळ्या कपड्यांतच बार्बा निकिफोरोस या गावच्या म्हाताऱ्या वादकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. गजानं वाजवायची लिरा त्याची. चाल लिरेची असते, लाऊतो तिला नुसता ठेका देतो. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, वार्दीसकडे पाहिलं आणि सुरुवात केली. पहिला फेरा बरा गेला. विद्यार्थी मागे वाजवत होते, त्यामुळे माझ्या चुका झाकल्या गेल्या.

दुसऱ्या फेऱ्यात सासूबाई उठल्या. काठी घेतली आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे एकेक करत गावातल्या सगळ्या बायका उठल्या, मग पुरुषही. वार्दीसनं विद्यार्थ्यांना हातानं थांबवलं. बार्बानं गज खाली ठेवला.

“थांब पोरी,” तो हळूच म्हणाला. “मला या गावात राहायचंय.”

“मग मला कुठं राहायचंय, बार्बा?”

त्यानं मान फिरवली आणि लिरा पिशवीत घातली.

“ऊठ, रोदान्थी!” वार्दीस ओरडला. “लिराच नाही, काय वाजवणार आता? डोंबल?”

खरंच होतं. चाल नव्हती, मी एकटी नुसता ठेका देत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चालीला तोच देत आले होते. मी एकदा चुकले, दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा थांबले, बोट नीट जागेवर ठेवलं आणि तिथूनच पुढं वाजवायला लागले.

आनिकाला वाटलं संपलं. तिनं टाळ्यांसाठी हात उचलले. मी मानेनंच नको म्हटलं. माझा अजून एक फेरा बाकी होता.