जेबेझ हॉलिकच्या हातचे बक्कल

मी एक जुने चांदीचे बक्कल आहे, मित्रांनो. नर्सच्या कमरपट्ट्याला लावतात तसले, मधोमध एकमेकांत अडकणाऱ्या दोन पाळ्यांचे. माझ्या दोन्ही पाळ्यांवर कुंपणावरच्या रानगुलाबाची फुले आहेत आणि फुलांच्या मागे हातोडीचे बारीक बारीक ठोके आहेत. तळ्यावरून वारा फिरावा तसे ते दिसतात. हल्ली लोक त्या ठोक्यांचे फार कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही. का, ते सांगतो.

मला जेबेझ हॉलिकने घडवले. तो आणि त्याच्यासारखे दहा-बारा कारागीर लंडनचा धूर सोडून एल्मकोट नावाच्या खेड्यात येऊन राहिले होते. धान्याच्या एका जुन्या कोठारात त्यांनी कारखाना थाटला होता. त्यांचे म्हणणे असे की, वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने करावी, आणि तिला माणसाचा हात लागला आहे हे दिसले पाहिजे. म्हणून हातोडीचे ठोके ते घासून काढत नसत. जेबेझ रुंद खांद्यांचा आणि तुटक बोलणारा माणूस होता. बायको लंडनमध्येच छातीच्या दुखण्याने गेलेली. मागे एकच मुलगी, एनिड. ती बर्मिंगहॅमला गरिबखान्याच्या दवाखान्यात नर्सचे शिक्षण घेत होती. घर नसलेली, कुणी नसलेली म्हातारी माणसे शेवटी त्या गरिबखान्यात जाऊन पडत.

एनिडची परीक्षा जवळ आली तेव्हा जेबेझने चांदीचा एक जाड तुकडा घेतला. तो आगीत लाल केला, पाण्यात विझवला, पुन्हा लाल केला. गरम राळेच्या गोळ्यावर मला बसवून त्याने बोथट छिन्न्यांनी एकेक पाकळी उठवली. खिडकीत समोर रानगुलाबाची खरी फांदी होती. ती सुकली की तो बाहेर जाऊन दुसरी तोडून आणी. मला घडायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत तो अधूनमधून शीळ घालत असे. पुढे मी त्याची शीळ कधी ऐकली नाही.

एनिड पास होऊन आली. त्याने मला फडक्यातून काढून तिच्या हातावर ठेवले. ती कितीतरी वेळ बघतच राहिली. मग म्हणाली, "बाबा, हे लावून मी म्हाताऱ्यांची घाणीची भांडी उचलू?"

"मग काय राणीनं येऊन उचलायची?" जेबेझ म्हणाला. "लाव. जड आहे का?"

"जड आहे. पण बरं वाटतं. कुणीतरी कंबर धरल्यासारखं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली तीन चांगली वर्षे तिथून सुरू झाली. जंतू मारायच्या कार्बोलिकचा वास, उकळत्या पाण्याची वाफ, रोग्यांचे कण्हणे, या सगळ्यातून मी तिच्या कमरेवर फिरलो. जे म्हातारे कुणाशी बोलत नसत ते माझ्यावरच्या फुलाकडे बोट दाखवत. एनिड वाकून त्यांना हात लावू देई.

इकडे एल्मकोटचा कारखाना बुडाला. शहरातल्या कारखान्यांनी तशाच दिसणाऱ्या वस्तू यंत्रावर काढायला सुरुवात केली होती. त्यांवर हातोडीचे ठोकेसुद्धा यंत्रानेच उठवलेले असत. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या की गिऱ्हाईक स्वस्तातली उचली. कोठाराला कुलूप लागले. जेबेझ पेटीत हातोड्या घालून लेकीच्या शहरात आला आणि पर्स्लो नावाच्या मालकाच्या कारखान्यात कामाला लागला.

तिथे वरून घण पडे आणि पत्र्यावर एका दणक्यात फूल उमटे. दिवसभर जमीन हादरत असे. घडलेल्या मालाला चकाकी देणाऱ्या बायांमध्ये नेल नावाची एक विधवा होती. घासायच्या तांबड्या पुडीने तिचे तोंड, केस, भुवया सगळे लाल झालेले असायचे. "मी मेले तर मला पुरू नका, जरा फडक्यानं घासा, चमकायला लागेन," असे ती म्हणे. जेबेझ हसत नसे. पण डबा उघडताना तो तिच्याच बाकावर जाऊन बसे.

एका शनिवारी दुपारी एनिड वडिलांना भेटायला आली आणि पर्स्लोची नजर माझ्यावर पडली. तो दुष्ट माणूस नव्हता. गोड बोलायचा आणि कामगारांची नावे लक्षात ठेवायचा.

"हॉलिक, हे तुझं काम?"

"होय साहेब."

"याचा ठसा कापून दे. शहरात हजारो नर्सा आहेत. सगळ्यांचे बाप काही चांदीकाम करत नाहीत."

"नाही साहेब."

पर्स्लोने खांदे उडवले. "मी काय कुणाच्या गळ्याला नख लावतोय का? गरिबाच्या पोरीनंही काही सुंदर ल्यावं की नाही? आणि तुला सांगून ठेवतो, पुढल्या महिन्यापासून हातोडीवाल्यांना माझ्याकडे काम नाही. ठसे कापणारा मात्र मला हवा आहे. विचार कर."

जेबेझला छप्पन्न वर्षे झाली होती. त्या वयाच्या हातोडीवाल्याला शहरात दुसरीकडे कुणी उभे करत नव्हते. एनिडला दवाखान्यातच राहावे लागे. ती वडिलांना कुठे ठेवणार?

पर्स्लो गेल्यावर तिने कमरेचा पट्टा सोडला आणि मला काढून बाकावर ठेवले.

"उचल ते," जेबेझ म्हणाला.

"बाबा, ऐका."

"उचल म्हणतो ना."

"मी गरिबखान्यात सहा वर्षं काढलीत बाबा. तिथं तुमच्यासारखे कारागीर येतात. सुतार येतात, विणकर येतात. त्यांना दगड फोडायला बसवतात. मग ते माझ्या वॉर्डात येतात, आणि भिंतीकडे तोंड करून मरतात. त्यांचे डोळे मी मिटते. तुमचे मला तिथं मिटायचे नाहीत."

जेबेझने मान वर केली नाही. एनिड पट्ट्याला साधी पिन लावून निघून गेली.

मग त्याने ठसा कापला. पोलादाच्या ठोकळ्यात माझे रूप उलटे, खोलगट कोरायचे असते. पाकळ्या कोरून झाल्या. पाने झाली. मग फुलांमागचे ठोके कोरायची वेळ आली. तेव्हा तो माझ्यासमोर नुसताच बसून राहिला. हातोडी दोनदा सारखी पडत नाही, मित्रांनो. एल्मकोटच्या त्या सतरा दिवसांत तो जसा बसला होता, जसा श्वास घेत होता, तसा माझा एकेक ठोका पडला होता. आता तेच ठोके, त्याच जागी, हजारो बक्कलांवर उठणार होते. त्याने भिंग लावून ते एकेक मोजले आणि पोलादात कोरले. काम कुठेही आळसाने केले नाही. चुकवायचेच म्हटले असते तर त्याला चुकवता आले असते. पण ते त्याच्या हाताला येत नव्हते.

मग ठशातून पहिले बक्कल पडले. हुबेहूब मी. फक्त पातळ, पितळेचे, वरून चांदीचा मुलामा.

काम झाल्यावर जेबेझ मला परत न्यायची परवानगी मागायला गेला. पर्स्लो म्हणाला, "ठसा झिजतो हॉलिक. पुन्हा कोरायचा तर मूळ माल समोर हवा. ते राहू दे इथंच. पोरीला यातलं एक दे की. तिला काय कळणार?"

त्या शनिवारी एनिड आली तेव्हा मी जेबेझच्या बाकावरच होतो, फडक्याखाली झाकलेला. त्याने नवे बक्कल तिच्या हातात दिले. ती ते क्षणभर तळहातावर तोलत राहिली.

"हलकं लागतंय बाबा."

"घासलं. साफ केलं. मळ होता."

"मळाचं एवढं वजन?"

जेबेझ कानस शोधायला लागला. कानस त्याच्या हातातच होती.

एनिडने बक्कल पट्ट्याला लावले, कमरेवर नीट बसवले आणि म्हणाली, "छान झालंय." जाताना तिची नजर फडक्यावर थांबली. मला वाटले, आता ती हात घालील. तिने वडिलांच्या गळ्यातला मफलर सारखा केला आणि ती गेली.

तिला मी पुन्हा पाहिले नाही.

पर्स्लोने मला आपल्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये टाकले आणि तिथे मी सात वर्षे पडून होतो. ठसा झिजला की मला बाहेर काढत, काम झाले की पुन्हा आत टाकत. चांदीला माणसाचा हात लागला नाही की ती काळी पडते. मी आधी पिवळट झालो, मग निळसर, मग शेगडीसारखा काळा. बाहेर लढाई सुरू झाल्याचे मला घणाच्या आवाजावरून कळले, कारण तो आता जेवणाच्या वेळेलाही थांबत नव्हता. लढाईला नर्सा हव्या होत्या आणि नर्सांना बक्कले. एनिड फ्रान्सला गेल्याचे नेलच्या तोंडून ऐकले.

लढाई संपली. रस्त्यावर लोक नाचले, कारखान्याला सुट्टी मिळाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी जेबेझ पर्स्लोच्या खोलीत आला. माझा ड्रॉवर अर्धवट उघडा होता. त्याने टेबलावर एक पुडके ठेवले. तापाची साथ आली होती, लष्करी दवाखान्यात सैनिकांची शुश्रूषा करता करता एनिड पाच दिवसांत गेली होती. तिला तिकडेच पुरले होते. पुडक्यात एक कंगवा, एक घड्याळ, ते बक्कल आणि तिचे टपालात टाकायचे राहून गेलेले एक पत्र होते.

"वाचा साहेब," जेबेझ म्हणाला. "माझं एकदा वाचून झालंय. तुम्ही वाचा."

पर्स्लोने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बर्फ, चिखल, तिच्या वॉर्डातला कुणी पोरगा. मग त्याचा आवाज हळू झाला. "बक्कलाचा मुलामा पार उडाला आहे बाबा, पितळ दिसते. मागचा अडकवायचा आकडाही मोडला आहे, दोऱ्याने बांधून वापरते. इथल्या पोरी हसतात. मी त्यांना सांगते, माझ्या बाबांनी केले आहे. मला पहिल्याच दिवशी कळले होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. ठसा तुम्हीच कापलात ना? मग ते तुमचेच. इथे निम्म्या जणींच्या कमरेला तुमची फुले आहेत. मी मोजत असते."

पर्स्लोने चष्मा काढला. ड्रॉवर ओढून त्याने मला बाहेर काढले, कोटाच्या बाहीने पुसायला गेला, पण काळे निघेना. "घेऊन जा, हॉलिक. तुझं आहे. मी तेव्हाच..." जेबेझने मला खिशात टाकले. आभार मानले नाहीत, शिवीही दिली नाही.

त्याची भाड्याची खोली नेलच्या शेजारी होती. रविवारी दुपारी खिडकीपाशी त्याने एल्मकोटची पेटी उघडली. मला वाटले, आता हा मला घासून उजळ करील. खरेच वाटले, मित्रांनो. त्याने आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवले. एक मी, जाड चांदीचा आणि काळा, दुसरे ते पातळ, पिवळे पडलेले, दोऱ्याने बांधलेले. मग त्याने बारीक करवत उचलली आणि माझ्या पाठीवरचा आकडा कापायला घेतला.

नेल सुपाचे भांडे घेऊन आत आली ती दारातच थबकली. "अहो, काय करताय? चांदीचं कापताय आणि त्या पितळेला जोडताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हे तिच्या अंगावर होतं," जेबेझ म्हणाला. "ते ड्रॉवरात होतं."

नेलने भांडे खाली ठेवले आणि दिव्याची ज्योत त्याच्यासाठी धरून उभी राहिली. त्याने माझा आकडा त्या बक्कलाला डाग देऊन जोडला. तीनदा सुटला. चौथ्यांदा बसला. सांधा इतका साफ की बोटाला लागू नये. नंतर त्याने नेलचीच तांबडी पुडी घेऊन ते पितळ उजळले. संध्याकाळपर्यंत तो घासत होता. नेलने दोनदा सूप गरम केले आणि दोनदा ते गार झाले.

दोन वर्षांनी तो गेला. गरिबखान्यात नाही, आपल्या खाटेवर. डोळे नेलने मिटले. ते बक्कल तिने त्याच्या मुठीत ठेवले आणि तसेच त्याला पुरले. मला तिने गुंड्यांच्या डब्यात टाकले. तिथून मी तिच्या नातीकडे गेलो, मग जुन्या बाजारात, मग एका दुकानात. आणि एक दिवस मला संग्रहालयात काचेखाली मखमलीवर मांडले. आता लोक भिंगे घेऊन येतात, माझे ठोके बघतात, "हाताचं काम! असे हात आता कुठे!" म्हणतात. मला उलटे करून पाहिले की हळहळतात. "आकडा गेलाय हो. कुणीतरी हेळसांड केली असणार."

हेळसांड झाली, मित्रांनो. पण ती माझी नव्हे. एल्मकोटच्या कोठाराला कुलूप लागले तेव्हा ती झाली, आणि त्या दिवशी यांच्यातले, यांच्या आज्यांतले, कुणीही तिथे उभे नव्हते. मला मऊ फडक्याने पुसा, ओलीत ठेवू नका, एवढे कराल तर मी आणखी शंभर वर्षे राहीन. माझी काळजी करायला पुष्कळ माणसे आहेत. तुमच्या गल्लीत कुणी अजून हाताने काही घडवत बसलेला असेल, तर त्याच्या दुकानाला कुलूप लागण्याआधी तुम्ही त्याच्याकडे जा. काय करतोस म्हणून विचारा, आणि त्याने केलेले घेऊन या.