बाटलीत जे आहे ते

"चारही पर्याय चूक आहेत," असे म्हणून पाणीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"आई, चारही चूक नसतात. एक बरोबर असतो. परीक्षा म्हणतात त्याला."

"मग परीक्षा घेणाऱ्याने आधी बघून घ्यावं ना! म्हणे वटवाघूळ आंधळं असतं. आमच्या पंपघराच्या छताला वीस-पंचवीस लटकलेली असतात. दिवा लावला की डोळे मिचकावतात. आंधळं कशाला मिचकावेल?"

लेकीने कपाळाला हात लावला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव परीक्षेचा तिसरा उतारा पडला होता. प्रश्न साधाच होता: लेखकाच्या मते वटवाघूळ अंधारात वाट कशी शोधते? पाणीबाईंनी एकाही गोलाला हात न लावता समासात सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'फेरतपासणी करावी.'

"आणि हा दुसरा? जहाजाच्या कप्तानाने बायकोच्या पत्राला उत्तर का दिलं नाही? तू लिहिलंयस, 'कामात असेल.'"

"नसेल का?"

"असा पर्यायच नाहीये!"

"बाईने दहा पत्रं लिहिली आणि हा ढिम्म. दुसरं कारण काय असणार?"

शेजारच्या खोलीतून पाणीबाईंचा नवरा ओरडला, "मी तर कामात असतो म्हणूनच उत्तर देत नाही!" तो शाळेची बस चालवत असे आणि घरातल्या प्रत्येक संभाषणात मागच्या सीटवरून भाग घेत असे.

पाणीबाई हे त्यांचे खरे नाव नव्हते, पण गल्लीत आता दुसरे कुणाला आठवत नव्हते. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षे काम करत होत्या. रोज सकाळी नऊ ठिकाणच्या नळांचे पाणी नऊ बाटल्यांतून यायचे. पाणीबाई ते काचेच्या नळीत घ्यायच्या, औषधाचे थेंब टाकायच्या आणि पाच मिनिटे थांबायच्या. पाणी किती पिवळे होते त्यावरून त्यात पुरेसे क्लोरीन आहे की नाही ते कळायचे. आकडे त्या कागदावर भरायच्या. कागदाच्या तळाशी 'प्रमाणित' अशी चौकट होती. तिथे सही करायचा अधिकार पदव्युत्तर पदवी असलेल्या माणसालाच होता, आणि तसा माणूस एकच होता: साहेब.

साहेब सज्जन होते. सोमवारी सकाळी ते आठवड्याच्या सात कोऱ्या कागदांवर सह्या करून टाकत. "तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," असे म्हणत आणि चहाला जात. पाणीबाईंना विश्वास नको होता, सही हवी होती.

साहेब तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. खात्याचा नियम असा की, नोकरीतल्या माणसाने पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवला, तर अभ्यास चालू असतानाच त्याला सहीचा अधिकार देता येतो. मात्र प्रवेशाच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवे. पाणीबाईंना पंचेचाळीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. म्हणजे प्रवेश परीक्षेची ही शेवटची संधी. गेल्या वर्षी रसायनशास्त्रात त्या परीक्षा केंद्रात दुसऱ्या आल्या होत्या आणि इंग्रजीत आपटल्या होत्या. इंग्रजीत पन्नासपैकी वीस प्रश्न बरोबर यावे लागत. त्यांचे सतरा आले होते.

इंग्रजी येत नव्हते असे नाही. यंत्रांची पुस्तके आणि औषधांची लेबले त्या बावीस वर्षे इंग्रजीतच वाचत होत्या. अडचण वेगळी होती. खोटे छापलेले दिसले की त्यांचा हात पुढे जात नसे.

लेक दोन वर्षांपूर्वी हीच परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली होती. तिने शिकवणीचा ताबा घेतला आणि लहानपणचे सगळे उट्टे काढले.

"गृहपाठ?"

"काल पाइपलाइन फुटली होती गं."

"कारणं सांगू नकोस. मी तापात असताना पाढे म्हणून घेतले होतेस."

शब्दसंग्रहासाठी लेकीने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. आरशावर, कपाटावर, गॅसच्या बटणावर एकेक इंग्रजी शब्द आणि खाली अर्थ. पाण्याच्या काचेच्या भांड्यावर 'ट्रान्स्परंट: पारदर्शक' अशी चिठ्ठी होती. पाणीबाईंना रोज तीन शब्द पाठ होत, नवऱ्याला सात. कारण सोपे होते, त्याला परीक्षा नव्हती. रविवारी दळण आणायला सांगितले तेव्हा तो पांघरुणातूनच म्हणाला, "आज मी रिलक्टंट आहे."

"म्हणजे?"

"नाखूश. फ्रिजवर बघ."

"उठा, नाहीतर मीही रिलक्टंट होईन आणि जेवण बाहेरून मागवावं लागेल."

तो उठला. शब्दाचा वाक्यात उपयोग झाला, म्हणून लेकीने दोघांना अर्धा-अर्धा गुण दिला.

उताऱ्यांचे मात्र काही जमेना. लोखंड थंडीने गंजते असे एका उताऱ्यात आले, तेव्हा पाणीबाईंनी प्रकाशकाचा पत्ता शोधायला सुरुवात केली. लेकीने पुस्तक मिटले.

"आई, तुझ्याकडे गटाराजवळच्या नळाची बाटली आली. पाणी खराब निघालं. तू कागदावर काय लिहितेस?"

"खराब म्हणून लिहिते."

"असं का नाही लिहीत की पाणी चांगलं असायला हवं होतं?"

"मी कशाला लिहू? बाटलीत जे आहे ते लिहायचं. नदी कशी असावी ते सांगायला मला पगार देत नाहीत."

"मग उतारा म्हणजे बाटली. लेखकाने त्यात काय भरलंय तेवढंच सांग. खरं की खोटं, ते विचारलेलंच नाहीये."

पाणीबाईंनी गंजाचा उतारा पुढे ओढला, चष्मा वर सरकवला आणि सहाच्या सहा गोल भरले. सहाही बरोबर.

"हे एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "मग गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"गेल्या वर्षी तू माझं ऐकत नव्हतीस."

"यंदाही ऐकत नाहीये. बाटलीचं ऐकतेय."

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. कप्तानानेही शेवटी उत्तर का दिले नाही ते कळले. त्याला लिहिता येत नव्हते. पाणीबाईंना त्याची थोडी दया आली, पण त्यांनी ती समासात लिहिली नाही.

परीक्षेच्या दिवशी नवऱ्याने त्यांना शाळेच्या रिकाम्या बसमधून केंद्रावर सोडले. चाळीस सीटच्या बसमधून एकटी उतरणारी बाई पाहून पहारेकऱ्याला वाटले, तपासणी पथक आले. त्याने सलाम ठोकला.

इंग्रजीच्या भागात चौथा उतारा आला आणि पाणीबाई खुर्चीत सरळ झाल्या. उतारा पाण्यावर होता. लेखक डोंगरातल्या प्रवासाचे वर्णन करता करता ठामपणे सांगत होता की, पाणी काचेसारखे पारदर्शक असेल, तर ते निर्धास्त प्यावे. निसर्गाने दिलेली तीच खूण आहे. त्यावर प्रश्न: लेखकाच्या मते पिण्यायोग्य पाणी कसे ओळखावे?

पाणीबाईंची पेन्सिल समासाकडे वळली. बावीस वर्षांत सगळ्यात वाईट निघालेल्या बाटल्या त्यांना आठवल्या. एक तर शाळेच्या नळाची होती. तिच्यातले पाणी हिऱ्यासारखे होते आणि ते पिऊन साठ मुले आजारी पडली होती.

'बाटलीत जे आहे ते,' त्या स्वतःशी पुटपुटल्या. मग त्यांनी 'ते पारदर्शक आहे की नाही यावरून' हा पर्याय निवडला. घरी आल्यावर त्यांनी पाण्याच्या भांड्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

आठवड्याने अधिकृत उत्तरे जाहीर झाली. लेकीने एकेक प्रश्न ताडून पाहिला, मग दुसऱ्यांदा पाहिला आणि किंचाळली. "वीस! आई, बरोबर वीस! काठावर, पण पास!"

नवरा शेजाऱ्यांना सांगायला निघालाही. पाणीबाई लेकीच्या फोनच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे खाली काय आहे, 'आक्षेप नोंदवा'?"

"ते दुसऱ्यांसाठी. एखादा प्रश्नच चुकीचा असेल, तर दोन दिवसांत कळवायचं. मान्य झाला, तर तो प्रश्न रद्द. मग त्याचा गुण कुणालाच नाही." बोलता बोलता लेकीचा आवाज खाली आला. तिने आईचा चेहरा पाहिला होता. "आई. नाही हं."

"पाण्याचा प्रश्न."

"तुझं उत्तर बरोबर आलंय!"

"उत्तर बरोबरच आहे. बाटली घाण आहे."

"एकोणीस होतील तुझे! वीस लागतात. वीसच्या खाली नापास. सही विसर मग."

"कळतंय मला."

"तूच म्हणालीस ना, नदी कशी असावी ते सांगायला पगार देत नाहीत?"

"नाही देत. पण बाटली घाण निघाली, तर कागदावर लिहून घरी जातो का आम्ही? तो नळ बंद करायला सांगतो." पाणीबाईंनी पदराने चष्मा पुसला. "हाच उतारा पुढच्या वर्षी सरावाच्या पुस्तकात छापतील. हजारो पोरं तो घोकतील. आणि उत्तर बरोबर आलं म्हणून त्यांना ते खरंही वाटेल."

लेकीने वडिलांकडे पाहिले. दारातून परत आलेल्या नवऱ्याने चपला काढल्या. "बस वळवताना मी आरशात बघतो," तो म्हणाला. "हिला कधी वळवायला गेलो नाही. आरशात मावत नाही ती."

"बाबा, विनोद नको!"

"विनोद नाही गं. अनुभव."

पाणीबाईंनी दोन दिवसांतला पहिला दिवस असाच घालवला. त्यांनी भाजी दोनदा फोडणीला टाकली. कपाटातून जुना रिपोर्ट काढून त्याच्या तळाची चौकट अंगठ्याने चाचपली. साहेबांची सही होती. देखणी, लफ्फेदार, सोमवारची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आक्षेप लिहिला. इंग्रजीत, अकरा ओळी. पारदर्शक पाण्यात काय काय असू शकते, ते कशाने ओळखतात आणि त्याला किती मिनिटे लागतात. लेक शेजारी बसली होती, पण तिला फक्त एक चुकलेला स्वल्पविराम सापडला. अर्जाची प्रत छापून, सही करून पाठवायची होती. तळाशी चौकट होती: 'वरील माहिती मी तपासली आहे.' पाणीबाईंनी तिथे पूर्ण नाव लिहिले आणि सही केली. अशा चौकटीत सही करायची पहिलीच वेळ असल्याने ती बाहेर गेली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. आक्षेप मान्य, प्रश्न रद्द, उतारा संग्रहातून काढून टाकला आहे. त्याच टपालात निकालही होता. इंग्रजी: एकोणीस. अनुत्तीर्ण.

"एकोणीस," नवरा म्हणाला. त्याने घरभर फिरून चिठ्ठ्या काढल्या. फ्रिजवरची तेवढी राहू दिली, उपयोगाची होती म्हणून. लेक तोंड फिरवून खिडकीशी उभी राहिली. पाणीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"शिकवणीच्या बाईंचा निकाल चांगला लागला हो," त्या म्हणाल्या. "विद्यार्थीच आडमुठा निघाला."

साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या. लेकीपेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठ्या. पहिल्याच सकाळी त्यांनी खिडकीपाशी ठेवलेल्या नऊ बाटल्या पाहिल्या आणि पेनचे टोपण काढले.

"काय सुंदर पाणी आहे हो, काचेसारखं! द्या कागद, सही करून टाकते."

पाणीबाईंनी नळ्यांचा स्टँड उचलून बाजूला ठेवला. खाली टेबलाच्या काचेखाली आक्षेपाची प्रत आणि तिचे उत्तर शेजारी-शेजारी लावलेले होते. मॅडमनी वाकून वाचले. आधी उत्तर, मग अकरा ओळी, मग चौकटीबाहेर गेलेली सही.

"असाच उतारा आमच्या वेळीही होता," त्या हळूच म्हणाल्या. "माझं उत्तर बरोबर आलं होतं."

"माझंही," पाणीबाई म्हणाल्या.

मॅडमनी पेनला टोपण लावले आणि स्टूल ओढून घेतले. पाणीबाईंनी पहिल्या नळीत थेंब टाकले, नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि घड्याळाकडे पाहिले. पाच मिनिटे होती. दोघी थांबल्या.