देवामार्फत

सत्यशीलाबाईंचं आपल्या सुनेशी, कादंबरीशी, नाताळापासून थेट बोलणं बंद होतं. जे काय बोलायचं ते देवामार्फत.

म्हणजे असं की, पुण्यात मंडईमागच्या त्या घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. बाई, मुलगा शुभंकर आणि कादंबरी डोळे मिटून बसायची आणि आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. बाई सुरुवात करायच्या, "हे प्रभो, या घरातल्या काही जणांना गॅस बंद करायची आठवण राहत नाही, त्यांना तू सुबुद्धी दे." मग कादंबरीची पाळी. "हे प्रभो, चहा केल्यावर गॅस कोणी चालू ठेवला हे तू पाहिलं आहेस. त्यांना क्षमा कर." दोन्हींना शुभंकर सारख्याच भक्तिभावानं आमेन म्हणायचा. आयटीत असल्यामुळे त्याला सगळ्यांनाच होकार द्यायची सवय होती.

मूळ भांडण करंज्यांवरून. नाताळच्या फराळाला कादंबरीनं करंज्या विकतच्या आणल्या, आणि पाहुण्यांपुढे ताट सरकवताना बाई म्हणाल्या, "घ्या, दुकानदारानं फार प्रेमानं केल्यात." यात आपलं काय चुकलं ते बाईंना कळलेलं नव्हतं. निदान त्या तसं सांगत.

आणि अशाच एका शनिवारच्या प्रार्थनेत बातमी फुटली. "हे प्रभो," कादंबरी म्हणाली, "लोणी काळभोरला माझ्या कॉलेजजवळ पाहिलेल्या फ्लॅटबद्दल आम्हांला मार्गदर्शन कर. ईस्टरच्या आत घरमालकांना कळवायचं आहे." बाईंचे डोळे खाडकन उघडले. शुभंकर तोवर आमेन म्हणून मोकळा झाला होता.

ही दोघं गेली की एवढ्या घरात आपण एकट्या. उद्या आपल्या पाळीला देवाला चांगलंच विचारायचं, असं ठरवून त्या झोपल्या. पण दुसऱ्या दिवशी लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा, पहिला रविवार होता, आणि नव्या आमोद पाळकांनी उपदेशात भलतंच काढलं.

"दरवर्षी आपण लेंटमध्ये मटण सोडतो, चहा सोडतो," पाळक म्हणाले. "यंदा घरच्या प्रार्थनेतले शब्द सोडून बघू. नुसतं गप्प बसायचं, शेवटी पाठ असलेली प्रभूची प्रार्थना तेवढी एकत्र म्हणायची. आत थोडी जागा रिकामी झाली, तर तिथे काही उगवेल."

बाईंनी त्यांना चर्चच्या दारातच गाठलं. "अहो पाळकसाहेब, गप्प बसायला लेंट कशाला लागतो? आमच्याकडे ते नाताळापासून चालू आहे."

"मग तुम्हांला सोपं जाईल," पाळक म्हणाले. तेही पुण्याचेच होते.

सोपं कसलं! पहिल्या संध्याकाळी बाई नुसत्या खाकरत राहिल्या, आणि त्या खाकरण्यातसुद्धा टोमणा होता. शुभंकरला डुलकी लागली. कादंबरी मात्र अशी शांत बसली होती की बाईंना ते मुद्दामच वाटलं.

पुढे पुढे बाई मनातल्या मनात प्रार्थना जुळवू लागल्या. 'हे प्रभो, आईला टाकून जाणाऱ्यांना...' पण वाक्य पुरं होईना. ऐकून चिडणारं कुणी नसलं की त्यात काही रामच उरत नव्हता. देवाला तर सगळं आधीच ठाऊक. मग इतके दिवस आपण हे सांगत कुणाला होतो? प्रश्न अडचणीचा होता, म्हणून बाईंनी डोळे किलकिले केले.

मान खाली होती, त्यामुळे दिसली ती समोर दिवाणावर बसलेल्या कादंबरीची पावलं. चांगली सुजलेली, वर चपलेच्या पट्ट्यांचे वळ. सकाळी स्वारगेटहून बसमध्ये उभ्यानं जायचं, कॉलेजात उभ्यानं शिकवायचं, पुन्हा उभ्यानं यायचं आणि आल्यावर ओट्याशी उभं राहायचं. ही पावलं रोज डोळ्यांसमोर वावरत होती आणि आपण गॅसचं बटण बघत होतो. बाईंना स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा हळूच पाहिलं, तिसऱ्या दिवशीही पाहिलं. सूज काही उतरत नव्हती.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी तिघं बसली. घरमालकांना कळवायची वेळ आली होती आणि घरात तो विषय कुणी काढत नव्हतं.

"कादंबरी," बाई एकदम म्हणाल्या.

"आमेन," शुभंकर म्हणाला.

"गप रे. ही प्रार्थना नाही. मी हिच्याशी बोलतेय." बाईंनी पदर सारखा केला. "त्या करंज्या चांगल्या होत्या. पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन खाल्ल्या. आणि तो फ्लॅट घेऊन टाका. किती दिवस पाय सुजवून घेणार आहेस?"

कादंबरी म्हणाली, "पण आई, तुम्ही इथे एकट्या..."

"वाईट वाटेल मला. फार वाटेल. पण ते मी देवाला सांगेन, मनात. तुला ऐकवणार नाही."

कादंबरी दिवाणावरून उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते. "आई, त्या दिवशी गॅस मीच चालू ठेवला होता."

"बघ!" बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आवरेना.

मे महिन्यात सामान गेलं. त्या दिवशी संध्याकाळी बाई समोरच्या मोकळ्या दिवाणाकडे बघत बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, बसायचं ना?" कादंबरी म्हणाली.

लेंट कधीच संपला होता. तरी बाईंनी फोन कानाला लावून डोळे मिटले. पलीकडे सोलापूर रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते, मध्येच शुभंकर शिंकला. बाकी कुणी काही बोललं नाही. मग प्रभूची प्रार्थना झाली, आमेन झालं, पण फोन दोघींनीही ठेवला नाही.

"हं, आता सांग," बाई म्हणाल्या. "पाय कसे आहेत?"